अहाबाच्या बागेतील माळी

अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता तो भाजीची बाग करण्यासाठी (१ राजे २१). नाबोथाने वडिलार्जित वतन देण्याचे नाकारले, त्याला धोंडमार झाला आणि मळा राजाकडे गेला. आता कल्पना करावी, की ती बाग आजतागायत टिकून आहे. लोक तिकीट काढून ती पाहावयास येतात. आणि एक सज्जन वृद्ध दर आठवड्यास येऊन, एक पैसाही न घेता, तिच्यातील तण उपटतो. तो सेवा करीत आहे, की नाबोथाच्या रक्तावर माती लोटीत आहे?

वेल्समधील पोविस किल्ला पाहता हा प्रश्न कल्पनेतला राहत नाही. नावाने किल्ला असला तरी शतकानुशतके हे एका सरदार घराण्याचे राहते घर होते. खाली टेकडीच्या उतारावर टप्प्याटप्प्यांनी उतरत गेलेली बाग आहे. रॉबर्ट क्लाइव्हचा पुत्र एडवर्ड याने १७८४ साली या घराण्यातील हेन्रिएटा हिच्याशी विवाह केला. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हा हाच एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. टिपू सुलतानाचा फुलांच्या नक्षीचा सुती तंबू त्या घरी गेला तो असा. पौर्वात्य देशांतील, विशेषतः हिंदुस्थानातील, हजाराहून अधिक वस्तू तेथे आहेत. सर्वच लुटीच्या नव्हेत. काही विकत घेतलेल्या, काही नजराण्याच्या. पण नजराणा देणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची कितपत मोकळीक होती, हेही विचारलेच पाहिजे.

१९५२ पासून ही वास्तू नॅशनल ट्रस्टकडे आहे. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि कॅनन रॉन्स्ली हे धर्मगुरू यांनी ती संस्था १८९५ साली स्थापिली. हिलबाईंची तळमळ लंडनच्या गरिबांना मोकळी हवा मिळावी ही होती, आणि संस्थेला मिळालेले पहिले दान राजवाडा नव्हे, समुद्रकाठची एक टेकडी होती. मोठे वाडे बहुतांशी १९३७ च्या कायद्यानंतर आले. आज ट्रस्टच्या अशा वाड्यांतून हजारो स्वयंसेवक, पुष्कळसे निवृत्त, दालनात उभे राहून पाहुण्यांस माहिती देतात, धूळ झटकतात, वाफे खुरपतात. २०२० साली ट्रस्टने गुलामगिरी व वसाहतींशी संबंध असलेल्या आपल्या ९३ स्थळांचा अहवाल काढला, तेव्हा जुनी मढी कशाला उकरता, असा मोठा गहजब झाला.

माझ्या मते खुरपणारा दोषी नाही. जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन दिले, कारण मालमत्ता त्याच्या हातात होती. तंबू परत करण्याचा अधिकार या स्वयंसेवकाला नाही. त्याची कसोटी दुसरीकडे आहे. तंबूपुढे उभा राहून एखादा पाहुणा विचारतो, "हा येथे कसा आला?" त्या वेळी तो केवळ कापडाच्या रंगांची वाखाणणी करील, तर ज्यांच्या पूर्वजांनी संदेष्ट्यांना मारले आणि जे त्यांच्या कबरा शृंगारीत बसले, त्यांच्या पंक्तीत तो जाईल. श्रीरंगपट्टणचे नाव घेईल, तर त्याचे झाडणे-पुसणेदेखील साक्ष ठरेल.

तथापि समुद्रापलीकडील माणसाचा न्याय करणे सोपे असते. आपल्याही कित्येक जुन्या मंदिरांच्या भिंतींवर इंग्रज अंमलदारांच्या स्तुतीच्या संगमरवरी पाट्या आहेत. नाताळ जवळ आला की तरुण संघाची मुले शिडी लावून त्या पुसतात. त्यांतील एखाद्याने खाली उतरून, "हा साहेब कोण होता? कोणत्या लढाईत, कोणाशी लढला?" असे विचारले, तर पंचमंडळातील कोण त्याला उत्तर देईल?