नाक कोणी कापले ?

देवाने दिलेला चेहरा माणसाने बदलून घ्यावा काय, असे पूर्वी कीर्तनात कुणी विचारले असते तर मंडळी हसली असती. आज हसू येत नाही. पुण्यासारख्या शहरात, अगदी माळकरी घरांतूनसुद्धा, कुणाची मुलगी नाक सरळ करून घ्यायला बँकॉकला जाऊन येते, कुणाचा मुलगा टकलावर केस बसवून घ्यायला तुर्कस्तानात इस्तंबूलला जातो, आणि शेजारीपाजारी 'सहलीला गेलेत' असे सांगितले जाते. घरातले आजोबा मात्र हरिपाठ आटोपून हळूच विचारतात, "अरे, हे पाप तर नव्हे ना ?"

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे गावात फिरत असतात. देवाने दिले ते बदलणे म्हणजे देवाची चूक काढणे, म्हणून ते पाप, हे एक. पैसा ज्याचा, तोंड ज्याचे, तो पाहून घेईल, आपण कशाला बोला, हे दुसरे. पहिले उत्तर देवळाच्या ओट्यावर बसून देता येते, दुसरे चौकातल्या कट्ट्यावर बसून. दोन्हींत बसल्या जागेवरून उठावे लागत नाही, हाच त्यांचा मोठा गुण ! आपण जरा उठू आणि दोनशे तीस वर्षे मागे, याच पुण्यात जाऊ.

सवाई माधवराव पेशव्यांचा काळ. इंग्रज, मराठे आणि निजाम एका बाजूस व टिपू सुलतान दुसऱ्या बाजूस, अशी लढाई १७९० ते १७९२ पर्यंत चालली. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ साली तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. त्यानंतर वर्षाहून अधिक काळ तो गडी नाकावाचून राहिला. पुढे पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस राजवैद्य नव्हता, शास्त्रीही नव्हता. इंग्रजांनी त्याची जात 'विटा पाडणाऱ्यांची' अशी लिहून ठेवली आहे. म्हणजे आपला कुंभारच म्हणायचा.

त्याने केले काय, ते नीट पाहण्यासारखे आहे. प्रथम मेणाची पातळ पट्टी घेऊन ती कापलेल्या जागी नाकासारखी बसवून पाहिली. मग ती सपाट करून कपाळावर ठेवली आणि तिच्या कडेने रेघ ओढली. रेघेच्या आतले कपाळाचे कातडे सोडवले, पण दोन भुवयांच्या मधोमध एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली, कारण तिच्यातूनच त्या कातड्याला रक्त मिळायचे. नाकाच्या थोटकावरची जुनी खपली छिलून ओली केली, ते कातडे अर्धा पीळ देऊन खाली वळवले आणि त्याच्या कडा चिरांत बसवल्या. वर काय लावले ? विड्याच्या पानात घालतो तो कात ! पाण्यात कालवून फडक्यांच्या पट्ट्यांना लावला आणि त्या पाचसहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवली. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाच्या वाती घातल्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली ती जोडपट्टी कापली. नाक बसले !

मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा जेम्स वेल्स तेव्हा पुण्यात होता. त्याने कावसजीचेही चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात हा सगळा वृत्तांत छापून आला. तो वाचून कार्प्यू नावाच्या तिथल्या डॉक्टरने प्रेतांवर सराव केला, १८१४ साली जिवंत माणसावर तीच क्रिया केली आणि १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. तिथून ही विद्या युरोपभर पसरली. सुश्रुताने गालाचे कातडे घेऊन नाक जोडण्याची रीत फार पूर्वी लिहून ठेवली होती. पुण्याच्या कुंभाराने कपाळाचे घेतले. म्हणजे आज आपली मुले ज्या विद्येसाठी परदेशी जातात, ती शिकायला एकेकाळी परदेशाने पुण्याकडे पाहिले. कावसजीचे नाव राहिले, डॉक्टरांची राहिली, चित्रकाराचे राहिले. कुंभाराचे नाव कुणी लिहून घेतले नाही.

आणखी एक गंमत सांगतो. या शस्त्रक्रियेला 'प्लास्टिक' म्हणतात, ते काही बाजारातल्या प्लास्टिकच्या बादलीवरून नव्हे. ग्रीक भाषेत ओल्या मातीला आकार देणे या अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरून ते नाव पडले. गोरोबाकाकांच्या तेर गावी कुणी हे सांगितले तर तिथल्या लोकांना त्यात नवल वाटणार नाही.

आता विचार करा. कावसजीचा हातही गेला होता. हात काही पुन्हा झाला नाही. पोटाला कंपनीचे निवृत्तिवेतन होते. नाकाने काही भाकरी मिळत नाही. मग कपाळ उघडे करून घेण्याचा, भुलीच्या औषधावाचून तो चाकू सोसण्याचा खटाटोप कशासाठी ? चार माणसांत उभे राहता यावे म्हणून. आपल्याकडे अब्रू जाणे याला 'नाक कापले जाणे' म्हणतात, यात सगळे आले. त्या कुंभाराने मांसाचा तुकडा जोडला हे खरे, पण त्याने दिले ते माणसांत परत येणे. याला पाप म्हणायला कुणाची जीभ रेटेल ?

भागवतातली कुब्जा आठवा. तीन ठिकाणी वाकलेली, कंसाची दासी. कृष्णाने तिच्या पायावर पाय ठेवला, हनुवटीला बोट लावून तिला वर उचलले आणि सरळ केले. 'देवाने दिले तसे राहू दे' असे देव स्वतः म्हणाला नाही, तर आपण त्याच्या वतीने का म्हणावे ? पालख्या पुण्यात येतात तेव्हा वारकऱ्यांची दाढी करून देणारे, पायांना तेल चोळणारे, तुटक्या चपला शिवून देणारे लोक जागोजाग बसतात. देहाची डागडुजी ही आपल्या संप्रदायात सेवाच आहे. विठुरायाचे पायसुद्धा भाविकांच्या स्पर्शाने झिजतात, आणि त्यांवर पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांकडून वज्रलेप करावा लागतो. २०२० साली तो केला गेला. मूर्ती देखणी दिसावी म्हणून तो केला नाही, पायांवर डोके टेकता यावे म्हणून केला.

डॉ. शरदकुमार दीक्षित हे पंढरपुरात जन्मलेले, अमेरिकेत राहणारे शस्त्रवैद्य. १९६८ पासून ते दरवर्षी भारतात येत आणि फाटलेल्या ओठांची, मिटलेल्या पापण्यांची, भाजलेल्या चेहऱ्यांची माणसे फुकट नीट करून देत. पुण्यात भारतीय जैन संघटनेच्या शिबिरांत लोक पोरे घेऊन रांगा लावत. स्वतः अपघाताने पांगळे झालेले, घशाच्या कर्करोगाने आवाज गेलेला, आणि तरी हातात चाकू घेऊन तासन् तास उभ्या-बसल्या काम करणारे ते डॉक्टर २०११ साली वारले. फाटल्या ओठाचे पोर आईच्या पदराआडून बाहेर येते तेव्हा काय होते, हे ज्याने पाहिले असेल त्याला मला काही सांगायला नको.

"महाराज, हे सारे पटले," कुणी म्हणेल, "पण ती दुरुस्ती झाली. आमच्या शेजारची मुलगी धडधाकट आहे. नाक जागेवर आहे. तिला कसली आली दुरुस्ती ? ती नुसती हौस !"

इथेच खरा पेच आहे. मोडलेले नीट करणे आणि नीट असलेले देखणे करणे यांत रेघ ओढायला लोकांना आवडते. रेघ आहेही. पण ती लोक समजतात तेवढी ठळक नाही. टिपूच्या माणसांनी नाक सुरीने कापले, म्हणून ते आपल्याला दिसले. दहा वर्षांच्या पोरीला पंगतीत आत्या म्हणते, "हिचं नाक बापावर गेलं गं, कसं व्हायचं हिचं !" सगळे हसतात, पोरही हसते. पुढे शाळेत 'नकटी', पुढे स्थळे येऊ लागली की 'मुलगी चांगली आहे, पण जरा...'. तो 'पण जरा' म्हणजे सुरीच आहे. रक्त येत नाही एवढेच. तीस वर्षांची होईपर्यंत त्या मुलीचे नाक शंभर वेळा कापलेले असते, आणि मग तिने ते जोडून घ्यायचे म्हटले की आपण तिला वैराग्य शिकवतो !

आणि आपण म्हणजे कोण ? सावळ्या विठोबाच्या पायाशी लोळण घेणारे. त्याच्या काळ्या रूपावर संतांनी जन्म ओवाळून टाकला, आणि आपण एकादशीला त्याच्यापुढे टाळ कुटून घरी येतो व द्वादशीला वर्तमानपत्रात 'गोरी, सडपातळ' सून शोधतो. या दोन दिवसांच्या मध्ये आपले काय हरवते ते मला अजून कळलेले नाही. अष्टावक्र जनकाच्या सभेत शिरला तेव्हा त्याचे आठ ठिकाणी वाकलेले अंग पाहून पंडित हसले. त्यावर तो म्हणाला की, मला वाटले इथे ज्ञानी बसले आहेत, इथे तर कातड्याचीच पारख चालली आहे. ही गोष्ट आपण अष्टावक्राच्या मोठेपणासाठी सांगतो. हसणाऱ्या पंडितांच्या रांगेत आपण कुठे बसलो होतो, ते कुणी सांगत नाही. अष्टावक्र होणे सर्वांना साधत नाही, पण न हसणे तरी साधावे.

म्हणजे जावे आणि खुशाल कापून घ्यावे, असे मी म्हणतो काय ? तसे नव्हे. जाणाऱ्यालाही दोन शब्द सांगायचे आहेत.

रूपाने सुख येते हे कान्होपात्रेला विचारून पाहा. मंगळवेढ्याच्या त्या मुलीचे रूपच तिचे वैरी झाले. बिदरच्या बादशहाने त्या रूपासाठी माणसे धाडली आणि तिला विठ्ठलाच्या पायाशी प्राण ठेवावा लागला. शिवाय डोळ्याला एकदा दोष काढायची सवय लागली की ती थांबत नाही. नाक झाले की हनुवटी दिसू लागते, हनुवटी झाली की गाल. बाहेरच्या लोकांनी लावलेला आरसा जर मनातच जाऊन बसला असेल, तर तो कोणत्या डॉक्टरने कापायचा ? चांगले डॉक्टर स्वतःच अशा माणसाला परत पाठवतात. जो परत पाठवत नाही, त्याच्यापासून जपावे.

दुसरी गोष्ट साधी, व्यवहाराची आहे. पुण्याच्या कुंभाराने मेणाची पट्टी ठेवल्यापासून जोडपट्टी कापेपर्यंत पंचवीस दिवस नाकावर लक्ष ठेवले. रोगी गावात, वैद्य गावात. परदेशी जाणारा आठदहा दिवसांत विमानात बसतो. नाकाची सूज पुरती उतरायला वर्षसुद्धा लागते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर लगेच लांबचा विमानप्रवास केला तर पायात रक्ताची गाठ होण्याची भीती वाढते. जखम चिघळली, श्वास अडू लागला, तर ज्याने चाकू चालवला तो समुद्रापलीकडे. इथला डॉक्टर विचारतो, "तिथे नेमकं काय केलं ? कागद दाखवा," आणि कागद परक्या भाषेत. २०२३ साली मेक्सिकोतील मातामोरोस या गावी देखणे होण्यासाठी अमेरिकेतून गेलेल्या कित्येक बायकांना, पाठीच्या कण्यात भूल देताना बुरशीचा संसर्ग झाला. तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला आणि त्यांतल्या काही दगावल्या. परदेशी डॉक्टर वाईट, असा याचा अर्थ नव्हे. बाहेरचे लोकही उपचाराला मुंबई-पुण्याला येतात. पण स्वस्ताई आणि सहल एकाच पुडीत बांधून कुणी देऊ लागला तर पुडी सोडून पाहावी.

बहुतेक लोक दूर जातात ते स्वस्त म्हणून, आणि त्याहूनही जास्त, कुणाला कळू नये म्हणून. मला त्या चाकूपेक्षा हे लपवणे अधिक बोचते. चार माणसांत ताठ उभे राहता यावे म्हणून जे केले, तेच चार माणसांपासून लपवावे लागते ! कावसजीने आपले नवे नाक चित्रकारापुढे धरले, कपाळावरच्या व्रणासकट. आपल्या घरातली मुलगी घरच्या आजीलाही सांगू शकत नसेल, तर तिचे नाक झाले असेल, पण माणसांत येणे राहून गेले.

तेव्हा ज्या घरात हा विषय निघाला असेल, तिथल्या वडीलधाऱ्यांनी पाप-पुण्याचा निवाडा करायला बसण्याआधी मुलीला जवळ बसवून विचारावे, "बाई, तुझ्या नाकाला पहिल्यांदा नावं कुणी ठेवली ?" नाव घरातलेच निघाले, तर त्या माणसाने तिच्यापुढे येऊन चुकलो म्हणावे, मग ते मामा असोत की खुद्द आई. त्यानंतर एक आषाढी जाऊ द्यावी, काही ठरवू नये. वारी करून आल्यावरही तिचे मन तेच म्हणत असेल, तर तिला अडवू नये. शक्य तर इथेच, ओळखीच्या, पदवीधर डॉक्टरकडे, उघडपणे करावे. आणि परदेशीच जायचे ठरले तर जखम भरेपर्यंत तिथेच मुक्काम ठेवावा, परतीचे तिकीट घाईने काढू नये, सगळे कागद वाचता येतील अशा भाषेत मागून घ्यावेत, आणि घरचे एक माणूस सोबत जावे. ज्याने पहिल्यांदा नावे ठेवली तोच गेला तर फारच बरे. रात्री उठून तिच्या कपाळावरची पट्टी त्यानेच पाहावी.