दिवा विझला म्हणजे दोष गेला काय?

वाचकहो, युरोपात ‘कॅम्पर व्हॅन’ या नावाने ओळखले जाणारे एक वाहन आहे. आत बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी असते. जणू घरच पाठीवर घेऊन कुटुंब प्रवासाला निघते. फोक्सवॅगन कंपनीने १९७९ साली आणलेल्या व्हॅनपासून तयार केलेल्या अशा कितीतरी गाड्या आजही तेथील रस्त्यांवर दिसतात. त्यांच्या मालकांना एक अडचण वारंवार गाठते: इंजिनातील तेलाचा दाब कमी असल्याचा लाल दिवा लुकलुकू लागतो. प्रश्न यंत्राचा आहे खरा; परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे.

इंजिनातील फिरता दांडा आणि त्याला आधार देणारी बेअरिंगे यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. पंप हे तेल दाबाने तेथे पोहोचवतो. दाब नाहीसा झाला की धातू धातूवर घासतो, आणि काही मिनिटांत, कधी त्याहूनही लवकर, इंजिन निकामी होते. या गाडीत इंजिन मागे व चालक पुढे असतो. मागची कुरकुर त्याच्या कानी उशिरा पडते. त्यामुळे त्याला इशाऱ्यावरच विसंबावे लागते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील पुष्कळ गाड्यांत त्यासाठी दोन स्विच आहेत. दाब सुमारे ०.३ बारच्या खाली गेला की पहिल्यामुळे दिवा लुकलुकतो. इंजिनाचे फेरे मिनिटाला २००० च्या वर असताना दाब ०.९ बारपर्यंत पोहोचला नाही, तर दुसऱ्यामुळे भोंगा वाजतो.

आता कल्पना करा. सायंकाळची वेळ आहे, घाट चढावयाचा आहे, मागे मुले झोपली आहेत आणि मुक्काम चाळीस किलोमीटर दूर आहे. दिवा लुकलुकतो. चालक म्हणतो, “स्विचच बिघडला असेल.”

खरी अडचण ही की, पुष्कळदा ते सत्यच असते. जुना स्विच दगा देतो. पहिल्या स्विचची तार घासून उघडी पडली आणि धातूला टेकली, तर दाब उत्तम असूनही दिवा लागतो. दुसऱ्याची तार निसटली, तर भोंगा वाजतो. म्हणजे चालकाचा तर्क मूर्खपणाचा नाही. त्याची चूक निराळी आहे. इशारा खोटा असावा अशी त्याची इच्छा आहे, आणि इच्छेलाच तो पुरावा मानतो.

प्रामाणिक मार्ग लांबचा आहे. प्रथम गाडी थांबवून इंजिन बंद करावे. तेलाची पातळी पट्टीने पाहावी; मात्र पातळी योग्य आहे म्हणजे दाबही आहे, असे समजू नये. त्यानंतर तारा व स्विच तपासावे. तरीही शंका उरली, तर स्विच काढून त्या जागी दाबमापक बसवावा. तेल ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापले असता २००० फेऱ्यांना दाब किमान २ बार भरला पाहिजे. तो भरला, तर इशारा खोटा होता असे निःशंकपणे म्हणता येते. न भरल्यास तेल पातळ झाले आहे की जाळी तुंबली आहे, पंप झिजला आहे की बेअरिंगे, याचा शोध घ्यावा लागतो.

याउलट आडवाटा सोप्या आहेत. दाट तेल घातले की दाब वाढतो आणि दिवा विझतो. पण झिजलेले बेअरिंग झिजलेलेच राहते. पहिल्या स्विचची तार उपटली तर दिवा कायमचा मुका होतो. दुसऱ्याची गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. त्याची तार उपटली तर भोंगा अधिकच वाजतो. ती यंत्रणा बनविणाऱ्याने जणू ओळखले होते की, मनुष्य साक्षीदाराचे तोंड बंद करू पाहील. म्हणून या साक्षीदाराचे मौनच आरोप ठरावे, अशी त्याने व्यवस्था केली.

आणि समजा, अशी गाडी विकावयाची आहे. गिऱ्हाईक येते, इंजिन चालू होते, दिवा दिसत नाही. विकणारा एकही असत्य शब्द उच्चारत नाही. मग तो निर्दोष आहे काय? माझ्या मते नाही. दिवा हा त्याच्या शेजाऱ्यासाठीही बोलणार होता. त्याला मुका करून मालकाने खोटी साक्ष दिली आहे. शब्द तेवढे वापरले नाहीत. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी हा दिवा क्षणभर लुकलुकला पाहिजे, हे ठाऊक असलेले गिऱ्हाईक वाचेल. परंतु दुसऱ्याच्या अज्ञानावर आपला प्रामाणिकपणा अवलंबून असावा काय?

म्हणून खोटा इशाराही दुरुस्तच केला पाहिजे, दडपता कामा नये. वारंवार खोटे बोलणारा दिवा आपल्याला खऱ्या दिव्याकडेही दुर्लक्ष करावयास शिकवतो. पत्नीचा एखादा प्रश्न, हिशेब तपासनिसाची एखादी खूण, रात्री झोप उडविणारा एखादा विचार: आपल्याही समोर असे दिवे लुकलुकतात. त्यांतील काही खोटे असतील. पण वाचकहो, ते खोटे आहेत असे आपण मोजून ठरविले, की मुक्काम जवळ आला होता म्हणून?