पाण्याचा घोट

योम किप्पूरला, आम्हा ज्यूंच्या उपासाच्या दिवशी, ड्यूटी लागली की माझ्या खिशात औषधाचा छोटा कप असायचा. इस्रायलमध्ये अश्दोदला मी बत्तीस वर्षं नर्स होते. पंचवीस तासांचा निर्जळी उपास, आणि वॉर्डात हमखास एखादे मधुमेहाचे आजोबा तोंड घट्ट मिटून पडलेले. मी उशाशी बसायची. कपात खुणेपर्यंत पाणी ओतायचं, पाजायचं, घड्याळ बघायचं, नऊ मिनिटांनी पुन्हा. ही वाट धर्मशास्त्रानेच काढून दिलेली. जिथे जिवाला धोका, तिथे जवळजवळ सगळ्या आज्ञा बाजूला होतात. आमच्याकडे त्याला पिकुआह नेफेश म्हणतात, जीव वाचवणं.

धोका आहे की नाही, हे रब्बी ठरवत नाहीत. ते डॉक्टरला विचारतात. आणि डॉक्टर गरज नाही म्हणाला, पण रुग्ण म्हणाला की मला खायलाच हवं, तर रुग्णाचं ऐकायचं. कळ ज्याची त्यालाच कळते, हे आमच्या जुन्या पंडितांना पक्कं ठाऊक होतं.

हेच योम किप्पूरचं उदाहरण 1979 साली जमिनीच्या प्रश्नात आलं. इजिप्तशी तह झाला होता, सिनाई परत द्यायचं ठरलं होतं. जिंकलेली भूमी सोडायला धर्माची परवानगी आहे का? इस्रायलचे तेव्हाचे सेफार्दी मुख्य रब्बी ओवादिया योसेफ म्हणाले, आहे. जमीन दिल्याने युद्ध टळून माणसं वाचणार असतील तर, आणि ते सेनाधिकाऱ्यांना विचारायचं, जसं उपासाचं डॉक्टरला विचारतो. न्यूयॉर्कला लुबाविच पंथाचे रब्बी श्नेअर्सन नेमकं हेच उदाहरण घेऊन उलट बोलले. सरहद्दीच्या गावावर शत्रू नुसता गवत-कडबा मागायला आला तरी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, मोडून हत्यार उचला, असं शास्त्रात आहे. कारण ते गाव गेलं की पुढचा मुलूख उघडा पडतो. त्यांनीही सेनापतींनाच विचारायला सांगितलं. दोघांचं सूत्र एक, प्रश्न विचारायचा तोही एकाच माणसाला, आणि निकाल दोन टोकांचे.

सिनाईत सैन्यावर मर्यादा घालणारे पट्टे आखले गेले, 1982 पासून आंतरराष्ट्रीय पथक तिथे लक्ष ठेवून आहे, आणि इजिप्तशी पुन्हा युद्ध झालेलं नाही. गाझामधून आम्ही 2005 मध्ये निघालो ते मात्र कुणाशी करार न करता. दोन वर्षांत तिथे हमासची सत्ता आली. ओस्लो करारानंतरचा रक्तपात पाहून ओवादिया योसेफ यांनीही सांगितलं की आपला निर्णय अशा परिस्थितीला लागू नाही. त्यांचा मला राग येत नाही. सायरन वाजला की अश्दोदमध्ये पंचेचाळीस सेकंद मिळतात. माझे गुडघे गेलेत, म्हणून माझी खाट मामादमध्येच, त्या जाड भिंतींच्या खोलीतच टाकली आहे. 7 ऑक्टोबर 2023 ला सकाळी मी तिथे होते. त्या दिवशी हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसं मारली गेली. आमची भीती ही वाटाघाटीतली सबब आहे असं कुणी म्हणालं, तर त्याने एक रात्र माझ्या खाटेवर झोपून बघावं.

पण मी नर्स आहे, आणि त्या खोलीत मला दुसरी खाटही दिसते.

पॅलेस्टिनींशी वाटाघाटींच्या कागदात सुरक्षा म्हटली की मागण्या ठरलेल्या. पॅलेस्टिनी राज्याला सैन्य नको. जॉर्डन खोऱ्यात आमची ठाणी हवीत. आकाश आमच्या ताब्यात हवं. नेतान्याजवळ जुनी हद्द समुद्रापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर येते, हे नकाशावर पाहिलं की या मागण्या मला समजतात. पण सैन्य नसलेल्या त्या राज्यातली बाई रात्री दार वाजलं तर कुणाला हाक मारणार? तिच्या ऑलिव्हच्या झाडांवर ज्यू वस्तीतले लोक कुऱ्हाड घेऊन आले तर? गाझात हजारो मुलं गेली, त्यांच्या आयांना सुरक्षा हा शब्द कसा ऐकू येत असेल? या रुग्णाला आपण विचारलेलंच नाही. त्याच्या वतीनेही आमचाच डॉक्टर बोलतो.

हिब्रूत सुरक्षेला बिताहोन म्हणतात. जुन्या धर्मग्रंथांत याच शब्दाचा अर्थ देवावरचा भरवसा. आणि अरबीत सुरक्षा म्हणजे अम्न, श्रद्धा म्हणजे ईमान. दोन्ही एकाच धातूतून आलेले. हे मला आमच्या वॉर्डातल्या अरब नर्सने रात्रपाळीत सांगितलं, गॉझ घडी करता करता. भरवसा ठेवून भिंत पाडावी, असं मी म्हणत नाही. वॉर्डातल्या त्या आजोबांनाही मी भरवशावर सोडलं नाही, कप मोजून पाजला. तसं मोजूनमापून काही द्यावं, थांबावं, तब्येत पाहावी, पुन्हा द्यावं, एवढं मला सुचतं. पण मोजताना दोघांची नाडी हातात हवी.

भारतात आम्हाला अशी भिंत लागत नव्हती. माझे आजोबा अलिबागकडचे शनवार तेली, म्हणजे शनिवार पाळणारे ज्यू तेली. शनिवारी त्यांचा घाणा बंद, हे सगळ्या गावाला माहीत. त्या दिवशी कुणी तेलाचं भांडं घेऊन यायचं नाही. तिथे आमच्या दाराला रात्री नुसती कडी असायची. मुलांना हे सांगितलं की त्यांना परीकथा वाटते.

नातू मागच्या वर्षी सैन्याच्या तपासणी नाक्यावर होता. आमच्या मलिद्याच्या विधीच्या दिवशी घरी आला. पोहे, खोबरं, गूळ कालवत मी बसले होते, तर शेजारी बसून एकदम म्हणाला, "आजी, एक अँब्युलन्स अडवली होती. आत बाळंतपणाची बाई होती. उघडून बघावंच लागतं गं, आधी कधीतरी आत स्फोटकं सापडली होती, म्हणून."

"बघायलाच हवं होतं," मी म्हटलं. "किती वेळ लागला?"

त्याला आठवावं लागलं नाही.

"बावीस मिनिटं."