दीक्षेचे उपकार फेडावे कसे?



आपल्यापैकी प्रत्येकाला विहाराच्या पायरीपर्यंत कोणीतरी हाताला धरून आणलेले असते. कोणाला शेजारच्या बाईंनी आणले, कोणाला कामावरच्या सोबत्याने, कोणाला थोरल्या मेव्हण्याने. त्रिशरण-पंचशील तोंडपाठ करून घेणारे, घरातील जुने देव काढताना सासूबाई रडू लागल्या तेव्हा त्यांच्याजवळ बसून राहणारे, भावकीने पाठ फिरवली त्या दिवशी जेवायला बोलावणारे असे एखादे माणूस असतेच. त्या माणसाचे आपल्यावर उपकार आहेत, हे कोणी नाकारणार नाही. परंतु हे उपकार फेडावयाचे कसे? त्याच्या प्रत्येक मताला मान डोलावून? तो ज्या गटात जाईल त्या गटात मागोमाग जाऊन? आणि उद्या एखाद्या बाबतीत आपल्या बुद्धीला त्याचे म्हणणे पटले नाही, तर तसे स्पष्ट सांगणे हा कृतघ्नपणा ठरतो काय?

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. ज्या ज्या माणसाने जाणत्या वयात, विचारपूर्वक धर्म बदलला त्या प्रत्येकाच्या वाट्याला तो आला आहे. म्हणून आज मी आपणापुढे एका ख्रिस्ती बाप्तिस्म्याची हकीकत ठेवीत आहे. ती आहे पंडिता रमाबाईंची.

काही वाचक म्हणतील, रमाबाई जन्माने ब्राह्मण आणि धर्माने ख्रिस्ती, त्यांच्याशी आपले काय काम? काम आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दीक्षा झाली ती लाखोंच्या समुदायात झाली. पुढे परमपूज्य बाबासाहेब होते, डावी-उजवीकडे आपलीच माणसे होती. रमाबाई मात्र एकट्या होत्या. पंचवीस वर्षांची विधवा, पदरी दोन वर्षांची मुलगी, मुलूख परका, आणि राहणे-जेवणे त्यांच्याच घरी, ज्यांचा धर्म त्यांनी स्वीकारला. उपकाराचे ओझे जेथे सर्वांत जड, तेथेच या प्रश्नाची परीक्षा चांगली होते.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकविले म्हणून स्वजातीचा रोष पत्करला. पुढे दुष्काळात आई-वडील गेले. भाऊ श्रीनिवास याच्यासोबत ही मुलगी देशभर पायी हिंडली, पुराण सांगून पोट भरू लागली. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते शूद्र मानल्या गेलेल्या जातीचे होते. दोन वर्षांच्या आत तेही वारले. मग रमाबाई पुण्यास आल्या, 1882 साली आर्य महिला समाज काढला, आणि 1883 साली इंग्लंडला गेल्या.

तेथे वाँटेज गावी सेंट मेरीच्या भगिनींचा मठ होता. या भगिनींचे काम पुण्यातही चाले. ठरले होते ते असे की हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे आणि भगिनींनी रमाबाईंना इंग्रजी शिकवावे. म्हणजे फुकटची भाकर नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या वादात हा तपशील महत्त्वाचा आहे.

त्या भगिनींनी फुलहॅम येथे समाजाने 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालविले होते. रमाबाईंनी ते पाहिले आणि त्या चकित झाल्या. अशा बायकांना हाकलून द्यावे, शिक्षा करावी, असेच त्यांनी आजवर पाहिले-वाचले होते. येथे त्यांना मायेने वागविले जात होते. हे कशामुळे, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवीत नसत. येशू यहुदी, आणि तो त्या स्त्रीकडे पिण्यास पाणी मागतो. तीच आश्चर्याने विचारते, माझ्याकडे पाणी कसे मागता? 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर काय घडले हे ज्या घरात सांगितले जाते, त्या घराला या गोष्टीचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही.

29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी आणि त्यांच्या लहानग्या मनोरमेने वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

सिस्टर जेराल्डिन या भगिनीवर त्यांच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी होती. रमाबाई त्यांना पत्रांतून लाडाने 'आजीबाई' म्हणत. माया खरी होती, दोन्ही बाजूंनी खरी होती. आणि या मायेतच कलह उभा राहिला.

रमाबाई प्रश्न विचारू लागल्या. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन मिळून एक कसे? येशूच्या जन्माचा चमत्कार मानलाच पाहिजे काय? गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत? हिंदुस्थानच्या माणसाला लॅटिन संस्कृतपेक्षा अधिक पवित्र का वाटावी? पुढे 1884 साली त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात गेल्या. तेथे पुरुषांना शिकविण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना याचा संताप आला. ज्या शिकवण्याला त्यांच्या वडिलांनी किंवा पतीने कधी आडकाठी केली नव्हती, ती आडकाठी आता हे परके लोक घालीत होते. त्यांनी जेराल्डिनबाईंना कळविले, त्याचा आशय असा की ब्राह्मण पुरोहितांचे जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे, तसेच दुसरे जोखड मी चढवून घेणार नाही.

जेराल्डिनबाईंना हा गर्व वाटला. रमाबाई अंडे घातलेले गोड पदार्थ खात नसत, तोही जातीचा अवशेष आहे असे त्यांचे म्हणणे. येथे आपल्या वाचकाच्या मनात शंका येईल, आणि ती रास्त आहे: खाण्याचे हे सोवळे बाप्तिस्म्यानंतरही कशाला? रमाबाईंनी स्वतःच कबूल केले की तुम्ही ज्याला जातीचे पूर्वग्रह म्हणता त्या सर्वांतून मी सुटलेली नाही. माझ्या मते या एका बाबतीत जेराल्डिनबाईंचे बोट योग्य जागी पडले होते. परंतु बोट योग्य जागी पडले म्हणून माणसाची मान आपल्या मुठीत आली असे होत नाही.

आपल्या लोकांना ही मूठ चांगली ओळखीची आहे. गावकीच्या काळात आपल्या वाडवडिलांना काय ऐकविले जाई? 'खाल्ल्या मिठाला जाग.' रात्री-अपरात्री सांगावा घेऊन पळायचे, मेलेले ढोर ओढायचे, सरकारी कामाला वेठीने जायचे, आणि बदल्यात मिळालेल्या शिळ्या तुकड्यांचे उपकार पिढ्यान्‌पिढ्या स्मरायचे. महारकी वतनाविरुद्ध बाबासाहेब आयुष्यभर झगडले ते याचसाठी, आणि ही कनिष्ठ वतने कायद्याने गेली ती त्यांच्या पश्चात, 1958 च्या कायद्याने. उपकाराचे वतन कसे होते, हे आपल्याइतके कोणी पाहिलेले नाही. म्हणून रमाबाईंचे ते जोखडाचे बोलणे आपल्या काळजाला लवकर भिडते.

पण थांबा. एवढ्यावर न्याय करू नका. जेराल्डिनबाई पाटील-सावकार नव्हत्या. त्यांनी आपला वेळ, आपले आजारी शरीर, आपली प्रार्थना या परक्या बाईसाठी खर्च केली होती. ज्या श्रद्धेने त्यांना स्वतःला आधार दिला ती श्रद्धा आपल्या मैत्रिणीच्या हातून निसटेल, असे भय त्यांना वाटत होते. आपल्यापैकी जे दुसऱ्याला विहारात घेऊन आले आहेत त्यांनी स्वतःला विचारावे: आपण आणलेला माणूस आपल्याशी वाद घालू लागला की मनाला लागते की नाही? 'काल आला आणि आज मला शिकवतो' हे वाक्य आपल्याही ओठावर येते. देणाऱ्याचे दुःख खोटे नसते. फक्त त्या दुःखातून हक्क उत्पन्न होत नाही.

तथागतांच्या शिकवणीत याचा उलगडा दोन ठिकाणी फार सुंदर रीतीने झालेला आहे. एक नावेची, म्हणजे तराफ्याची उपमा. एक मनुष्य गवत-काटक्या बांधून तराफा करतो आणि पूर पार करतो. पैलतीरी पोचल्यावर त्याच्या मनात येते की या तराफ्याने मला वाचविले, आता मी तो डोक्यावर घेऊनच पुढे जातो. तथागत विचारतात, हा शहाणपणा झाला काय? बारकाईने पाहा, त्या माणसाला वेडे करणारी गोष्ट लोभ नव्हे, कृतज्ञताच आहे. उपकाराची जाणीव चांगली, पण ती डोक्यावर चढली की पाय चालेनासे होतात. अर्थात ही उपमा धम्माविषयी आहे. माणूस तराफा नव्हे, त्याला तीरावर टाकून निघून जाता येत नाही. तेथे दुसरी कथा हवी.

ती नालंदेच्या उपाली गृहपतीची. उपाली निगंठांचा, म्हणजे जैन साधूंचा मोठा उपासक. तथागतांशी वाद घालायला आला आणि त्यांचाच उपासक होऊ इच्छू लागला. तेव्हा तथागत त्याला प्रथम म्हणाले, नीट विचार कर, तुझ्यासारख्या जाणत्या माणसाने विचार करूनच पाऊल टाकावे. आणि नंतर म्हणाले, तुझे घर निगंठांसाठी दीर्घकाळ पाणवठ्यासारखे राहिले आहे. ते दाराशी आले तर त्यांना भिक्षा देणे बंद करू नकोस. श्रद्धा बदलली, पण दार बंद झाले नाही. येवल्याच्या 1935 च्या घोषणेनंतर निरनिराळ्या धर्मांचे लोक बाबासाहेबांकडे येऊन गेले. बाबासाहेबांनी त्यांचे म्हणणे ऐकले, आणि निर्णय एकवीस वर्षे स्वतःच्या बुद्धीच्या ताजव्यात तोलला. त्यांनाही हे मर्म ठाऊक होते.

रमाबाईंच्या बाप्तिस्म्याभोवती आणखी दोन माणसे उभी आहेत, त्यांना विसरून चालणार नाही. एक त्यांच्यासोबत इंग्लंडला गेलेली मैत्रीण, आनंदीबाई भगत. बाप्तिस्म्याच्या आधी, वाँटेज येथेच, तिने आपले जीवन संपविले. धर्म बदलावा लागेल या भीतीने तिचे मन ढळले असे त्या वेळी सांगितले गेले. ज्या घरी एकीला आसरा मिळाला त्याच घरी दुसरीचा जीव घुसमटला. कोणाच्याही दीक्षेचा आनंद साजरा करताना त्या घरातील न बोलणाऱ्या माणसाकडे एकदा पाहावे, एवढे ही मुलगी आपल्याला सांगून गेली आहे.

दुसरे महात्मा जोतीराव फुले. पुण्याच्या सनातनी मंडळींनी रमाबाईंवर टीकेची झोड उठविली तेव्हा जोतीराव 1885 साली 'सत्सार' या पुस्तिकेतून त्यांच्या बाजूने उभे राहिले. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, होणारही नव्हते. रमाबाईंच्या श्रद्धेत त्यांचा वाटा नव्हता. ब्राह्मणी ग्रंथांचा तळ पाहिलेली एक विदुषी तो धर्म टाकते, हा तिचा अधिकार आहे, एवढेच त्यांना मांडायचे होते. असा मित्र तुमचा धर्म घेत नाही, तुमच्याकडून काही मागतही नाही. त्याचे उपकार मोजायला गेलो तर खातेवही उघडावीच लागत नाही.

आता पुढचे ऐका. रमाबाई 1886 साली अमेरिकेला गेल्या, 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले आणि दुष्काळातून शेकडो मुली वाचविल्या. वाँटेजच्या पंथाच्या चौकटीत त्या कधीच पूर्ण बसल्या नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर मिळाला, असेही त्यांनी पुढे लिहिले. म्हणजे ज्यांनी दीक्षा दिली त्यांचे काम अपुरे राहिले होते, हे सांगायलाही त्या कचरल्या नाहीत. आणि त्याच 1907 सालच्या आत्मनिवेदनात त्यांनी वाँटेजच्या भगिनींच्या मातृवत मायेने आपला स्वभाव घडला असे मनापासून नोंदविले, चेल्टनहॅमच्या मुख्य अध्यापिका डोरोथिया बील यांचेही ऋण सांगितले. एवढे वाद होऊनही मनोरमेला शिक्षणासाठी त्यांनी पुन्हा वाँटेजलाच पाठविले. स्वतःची सद्सद्विवेकबुद्धी ज्यांच्या स्वाधीन केली नाही, त्यांच्या स्वाधीन आपली एकुलती एक लेक केली.

आणि जेराल्डिनबाई? त्यांनी रमाबाईंची पत्रे जपून ठेवली. ज्यांत आपलीच कानउघाडणी केली आहे, आपली मते खोडून काढली आहेत, तीही फाडली नाहीत. म्हातारपणी बसून त्यांनी ती सारी जुळविली, क्रमाने लावली, पुढे कोणी रमाबाईंचे चरित्र लिहील तर उपयोगी पडावीत म्हणून. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. तो पत्रसंग्रह 1977 साली मुंबईत महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत छापला. त्यात आजीबाईंना लिहिलेली सर्वांत कडक पत्रे आजही वाचायला मिळतात, ती आजीबाईंनीच सांभाळली म्हणून.