मुद्रा आणि वचन

नोकरीसाठी केलेला अर्ज ही अर्जदाराने स्वतःविषयी दिलेली साक्ष असते. न्यायदर्शनाने आप्ताच्या, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीच्या, उपदेशाला शब्दप्रमाण म्हटले आहे, आणि अर्जदाराचे काम प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी त्याला भेटीस बोलवायचे की नाही हे मालकाला बहुधा या एकाच प्रमाणावर ठरवावे लागते. आता अनेक मोठ्या कंपन्यांत ही साक्ष माणसाच्या आधी संगणकप्रणाली वाचते: ती अर्जातील मजकूर नाव, शिक्षण, अनुभव, कौशल्ये अशा रकान्यांत वेगळा करते आणि जाहिरातीतील ठरावीक शब्द, ज्यांना कीवर्ड म्हणतात, त्यात सापडतात का हे पाहून अर्जांची निवड किंवा क्रमवारी लावण्यास मदत करते. अशा प्रणालीसाठी शब्द निवडणे हे सत्याला धरून आहे की त्यात सत्याशी प्रतारणा आहे, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ व्यवहाराचा राहत नाही.

सोलापूरच्या यंत्रमागांवर मागांची जुळणी, दुरुस्ती आणि देखरेख करणाऱ्या जाणकार कामगाराला ‘जॉबर’ म्हणतात. त्याने अर्जात एवढाच शब्द लिहिला आणि जाहिरातीत ‘मेन्टेनन्स सुपरवायझर’ असे असले, तर या दोहोंचे नाते न ओळखणाऱ्या प्रणालीला त्याची अनेक वर्षांची कारागिरी दिसणारच नाही. येथे योगसूत्रांवरील व्यासभाष्याने केलेली सत्याची मीमांसा उपयोगी पडते. आपल्या मनातील बोध दुसऱ्याच्या मनात पोचावा म्हणून वाणी असते, आणि ती वंचक, भ्रांत किंवा ‘प्रतिपत्तिवंध्य’, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात कोणताही बोध न उपजवणारी, नसावी, असे हे भाष्य सांगते. यातील तिसरी अट ध्यानात घेतली, तर श्रोत्याला कळेल असा शब्द शोधणे हे सत्याचेच एक अंग ठरते. मात्र हुद्दा ही घडलेली वस्तुस्थिती असल्याने ‘जॉबर’ हा शब्द पुसून न टाकता, त्याच्याजवळ मागांची देखभाल, दुरुस्ती आणि देखरेख ही प्रत्यक्ष केलेली कामे जाहिरातीच्या भाषेत नोंदवणे हाच त्यातील सरळ मार्ग होय.

तिसरी अट पाळताना पहिली मोडली जाते, तेथे या मार्गाची सीमा येते. ही सीमा समजून घेण्यास सोलापूरचे ग्रामदैवत असलेल्या बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांची परंपरा साहाय्य करते. त्यांच्या कन्नड वचनांत ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही मुद्रा, म्हणजे वचन कोणाचे हे सांगणारी नाममुद्रा, येते. मुद्रा उचलणे मात्र सोपे असते: मराठीत ‘नामा’ ही मुद्रा विष्णुदास नामा या दुसऱ्या कवीच्या रचनांतही आल्यामुळे संत नामदेवांचे अभंग वेगळे काढताना अभ्यासकांना मुद्रेच्या पलीकडे जाऊन भाषा, आशय आणि काळ तपासावा लागतो. अर्जातील कीवर्डही अशीच मुद्रा आहे. जे कौशल्य अंगी नाही त्याचे नाव लिहिणे, किंवा पांढऱ्या कागदावर पांढऱ्याच अक्षरांत शब्द दडवून ते फक्त यंत्राला वाचायला लावणे, म्हणजे रचना नसताना नुसती मुद्रा उमटवणे होय. सिद्धरामेश्वरांसारख्या वचनकार शरणांच्या विचारात ‘नुडी’, म्हणजे बोलणे, आणि ‘नडे’, म्हणजे आचरण, यांच्या एकतेला आणि ‘कायक’ या श्रमनिष्ठ साधनेला जे स्थान आहे, त्याच्या कसोटीवर प्रत्येक कीवर्डमागे केलेले काम उभे असले पाहिजे.

परंतु सत्याचा सारा भार बोलणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे होईल; ऐकणाऱ्याची, म्हणजे भरती करणाऱ्याची, बाजूही तपासली पाहिजे. ज्या काळात 1877 साली सुरू झालेली सोलापूरची जुनी गिरणी वाढली, त्या काळात भारतातील कापड गिरण्यांची कामगारभरती मुख्यतः जॉबरच्याच हाती असे. नातेगोते, गाव आणि दस्तुरी, म्हणजे नोकरीसाठी जॉबरला द्यावी लागणारी लाच, यांवर नोकरी अवलंबून राही, आणि भारतातील कामगारांच्या स्थितीवर 1931 साली अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने या पद्धतीतील लाचखोरीवर कठोर टीका केली. यंत्र दस्तुरी मागत नाही, हे खरेच. तथापि काय शोधायचे हे त्याला माणसेच सांगतात, आणि मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणाऱ्या या शहरातील श्रमाची नावे त्यांनी शिकून घेतली नाहीत, तर पूर्वी ओळख नसलेला माणूस जसा दाराबाहेर राही तसा आता परिचित शब्द नसलेला माणूस राहील. प्रतिपत्तिवंध्यतेचा दोष अशा वेळी वाणीचा नसून श्रवणाचा असतो. म्हणून अर्जदाराने आपले खरे काम दुसऱ्याच्या शब्दांत सांगण्याचे कष्ट घ्यावेत हा जसा त्याचा धर्म आहे, तसाच भरती करणाऱ्याने यंत्राने मागे ठेवलेल्या अर्जांतील काही स्वतः वाचावेत आणि त्यांत सापडलेला ‘जॉबर’सारखा शब्द आपल्या शोधयादीत घालावा, हा त्याचा धर्म आहे; सत्य सांगणाऱ्याइतकेच ते ऐकणाऱ्याच्याही कष्टाने सिद्ध होते.