घंटेशेजारचा अंधार

बसा. टॅब मांडीवर घ्या. स्क्रीन अजून लावू नका.

काळ्या काचेत आपलाच चेहरा अंधूक दिसतोय. पाहा त्याच्याकडे. एक श्वास आत. एक बाहेर.

उद्या संध्याकाळपर्यंत स्पर्धेसाठी चित्र द्यायचंय. वाचनालयाच्या हॉलमध्ये ते भिंतीवर लागेल, ए-थ्री कागदावर. विषय दिलाय, ‘आपला घाट’. हे सगळं माहीत आहे. थोडा वेळ बाजूला राहू द्या.

आता मनानेच मेणवलीच्या घाटावर या.

कृष्णेचं पाणी संथ आहे. पायऱ्यांचा दगड दिवसभर तापलाय. चपला काढा. तळपायांना अजून ऊब लागते.

इथेच थांबा जरा.

घाटावर देवळासारखी एक छोटी दगडी खोली आहे. आत घंटा टांगलेली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्यानंतर इकडे आलेली ही घंटा. जवळ जाऊन पाहा. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मरियम आहे. समुद्राकाठची माउली, आता नदीकाठी.

घंटा वाजत नाहीये.

तिचं न वाजणं ऐका.

पुन्हा ऐका.

आता स्क्रीन लावा. चित्र उघडा.

काही बदलू नका. स्टायलस खालीच असू दे. नुसतं पाहा.

घंटेपाशी झूम करा. अजून. अजून थोडं. रेषा विरघळतात, मरियम विरघळते, आणि उरतात चौकोन. शांत, सपाट चौकोन. एकेका चौकोनात तीन दिवे, लाल, हिरवा, निळा. प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या, शून्यापासून २५५ पर्यंत.

घंटेशेजारच्या अंधारातला एक चौकोन निवडा. लाल ३८. हिरवा ३०. निळा २६.

काळा वाटतो. काळा नाहीये. त्यात दगडाची ऊब आहे.

या एका चौकोनापाशी राहा. श्वास येतोय, जातोय. चौकोन तिथेच आहे.

मागच्या वर्षी माझा हा अंधार हरवला होता. रात्री स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून मी रंगवत बसले. काचेमागून दिवा लागलेला, त्यामुळे सगळं दिसत होतं, अगदी कोपऱ्यातली कोळ्याची जाळीसुद्धा. कागदामागे दिवा नसतो. त्याच्यावर खोलीतला उजेड पडेल तेवढंच तो परत देतो. हॉलमध्ये गेले, तर चित्रात नुसता काळा डाग होता. मी बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिले. वाईट वाटलं, ते घंटेसाठी.

म्हणून आता स्क्रीनचा उजेड कमी करा. निम्मा. त्याहून थोडा कमी.

डोळ्यांना वेळ द्या. देवळात शिरल्यावर देतो तसा.

पाहा, काय काय बुडालं. आणि काय हळूहळू वर येतंय.

आता लेअर. एकेका लेअरशेजारी छोटा डोळा आहे. झळाळीचा लेअर शोधा, तो सोनेरी. त्याचा डोळा मिटा.

श्वास.

पाण्यातल्या चमकेचा डोळा मिटा.

श्वास.

पुसायचं काही नाही. फक्त मिटायचं. लेअर तिथेच आहेत, झोपलेल्या घरासारखे. मला तर चित्र याच वेळी सगळ्यात जवळचं वाटतं, स्पर्धेच्या भिंतीवर असतं त्याहूनही.

एकेक डोळा मिटत खाली जा. सगळ्यात तळाशी पहिलं रेखाटन आहे. घाटावर बसून काढलेलं, घाईचं, थोडं वाकडं. घंटेचा काठ एका दमात आलाय. त्या दिवशी तुमचा हात किती हलका होता, पाहा.

त्या रेषेवरून नजर फिरवा. हळू. काठ जिथे वळतो, तिथे तुम्हीही वळा.

आता अंधाराचा लेअर उघडा. फक्त तोच. रेषा आणि अंधार, दोघंच. ३८, ३०, २६ चा चौकोन कुठेतरी त्यात आहे, आता दिसत नाही.

बाकीचे डोळे मिटलेलेच राहू द्या.

स्टायलस उचला. घंटेच्या काठाशी आणा. टेकवू नका अजून.

बाहेर कुणाच्या तरी घरी नळाचं पाणी भरतंय. ते ऐका. ते थांबल्यावर जे उरतं, तेही.