पाहुण्यांना काय दाखवणार?



नाताळ जवळ आला आहे. आपल्या धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबे पोटापाण्यासाठी पुण्यात आलेली आहेत. कोणी श्रीरामपूर-राहात्याकडचे, कोणी संगमनेरचे, कोणी जालन्याचे, तर कोणी वसईचे. पूर्वी सणाला आपण गावी जात होतो. आता मुलांच्या शाळा आणि नोकरीची रजा यांचे गणित जमत नाही, म्हणून गावच आपल्याकडे येते. या आठवड्यात घरोघरी आई-वडील, भाऊ-भावजया, मावश्या पिशवीत बाजरीचे पीठ आणि शेंगा घेऊन उतरतील. आणि घरोघरी एकच चर्चा असेल: पाहुण्यांना काय दाखवायचे?

काही वर्षांपूर्वी नाताळात आमची आई आणि थोरले बंधू गावाहून आले होते. आम्ही त्यांना हौसेने फिरवले. मेट्रोत बसवले, शनिवारवाडा दाखवला, सारसबागेत नेले, रात्री कॅम्पात महात्मा गांधी रस्त्यावरची रोषणाई आणि गर्दी दाखवली. परतल्यावर आई पाय चोळत म्हणाली, "समदं बघितलं रं. पर हितं तुझं कोण हाये?"

आम्ही हसून म्हणालो, "सगळं धर्मग्राम आहे की!"

"मग एकाच्याबी घरी नेलं न्हाईस."

आमच्याकडे उत्तर नव्हते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना फ्रेंच विचारवंत गाब्रिएल मार्सेल आम्ही अभ्यासला होता. मनुष्य 'काय बाळगतो' आणि 'काय असतो' यांतला भेद सांगणारे त्यांचे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यावर आम्ही परीक्षेत पानेच्या पाने लिहिली होती. पण शहराजवळ काय काय आहे ते आम्ही आईला दाखवत राहिलो, आणि ती विचारत होती, कोण आहे? शाळेची पायरी न चढलेल्या आईने आमची परीक्षा पुन्हा घेतली, आणि त्या दिवशी आम्ही नापास झालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला वस्तीतल्या एका विधवा भगिनीच्या घरी नेले. एकच खोली, पत्र्याचे छप्पर. बोलता बोलता कळले की, त्या बाईंचे माहेर आमच्या गावापासून दोन कोसांवर. मग काय! हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेपासून विहिरीच्या पाण्यापर्यंत गप्पा झाल्या. अंधार पडला तरी दोघी उठेनात. गावी गेल्यावर आईने मेट्रोचे नाव काढले नाही. सांगितले ते त्या खोलीतल्या चहाचे.

बंधू-भगिनींनो, शनिवारवाड्याहून कॅम्पाकडे जाताना आम्ही नाना पेठेतल्या सिटी चर्चजवळून गेलो होतो, पण तेथे थांबलो नव्हतो. थांबायला हवे होते. पेशव्यांच्या लष्करात ख्रिस्ती लोक चाकरीला होते. त्यांना उपासनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली जागा दिली, आणि तेथे हे चर्च उभे राहिले. पुढे १८५० साली बांधलेले सेंट पॅट्रिक कॅथेड्रल इंग्रजांच्या फौजेतल्या आयरिश सैनिकांसाठी होते. आपली ही दोन्ही जुनी चर्चेस परगावाहून आलेल्या माणसांसाठी उभी राहिली. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. आज तट आणि दरवाजे तेवढे उरले आहेत. पण त्या वाड्याच्या धन्याने परक्यांना दिलेल्या जागेवर आजही मिस्सा होतो.

नाताळच्या रात्री आपण संत लूकचे शुभवर्तमान ऐकू. योसेफ दाविदाच्या घराण्यातला, म्हणून बेथलेहेम त्याच्या पूर्वजांचे गाव. तरी त्याला व पवित्र मरियेला तेथे उतारशाळेत जागा मिळाली नाही. आपल्या वाडवडिलांच्या गावात तो परका ठरला. आपले उलटे आहे. आपण परगावाहून आलो आणि या शहराने आपल्याला जागा दिली. कोणाला खोली दिली, कोणाला काम दिले. ज्याला जागा मिळाली, त्याने आता सरकून दुसऱ्याला जागा द्यायची असते. आपण ती देतो का?

खरे सांगायचे तर आपल्याला थोडी लाजही वाटते. पाहुण्यांना आपण मॉल दाखवतो, पण आपण जेथे झाडू मारतो किंवा पहारा करतो ते ठिकाण दाखवत नाही. घर लहान म्हणून भावाला 'पुढच्या वर्षी या' असे सांगतो. कधी गावाकडच्या वडिलांच्या धोतराची आणि मोठ्या आवाजाचीही लाज वाटते. ज्यांनी बाळ येशूला प्रथम पाहिले ते मेंढपाळ रात्रपाळीवर होते, हे आपण विसरतो. देवाला गोठ्याची लाज वाटली नाही. मग आपल्याला आपल्या खोलीची का वाटावी?

म्हणून यंदा तीन गोष्टी करू या. पाहुण्यांना शहर जरूर दाखवा, पण त्यांना किमान एका शेजाऱ्याच्या घरी न्या, मग तो कोणत्याही धर्माचा असो. आपले कामाचे ठिकाण त्यांना दाखवा. आईबापांना त्याचा अभिमानच वाटेल. आणि मध्यरात्रीच्या मिस्साला पुढच्या बाकांवर बसणाऱ्यांनी मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पाहुण्यांना आपली जागा द्यावी. गेल्या वर्षी कितीतरी जण मंडपाबाहेर थंडीत उभे होते. वेदीवरून आम्हाला ते दिसले नाहीत, त्याबद्दल आम्ही क्षमा मागतो.

ज्यांचे यंदा कोणीच येणार नाही, त्यांनी मिस्सा झाल्यावर धर्मगुरूंच्या निवासात चहाला यावे. या शहरात तुमचे कोण आहे, असे कोणी विचारले तर आमचे नाव सांगा.

आपणा सर्वांना व आपल्या पाहुण्यांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा! प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपले,
प्रमुख धर्मगुरू